खरवडलेलं शेत

आत्यानं वाटणी मागितली तेव्हा बाबांनी तिला हसत हसत शेत दिलं. तिथेच तिनं ओळखायला हवं होतं, कारण आमचे बाबा कुणाला काही देताना हसत नाहीत.

ते शेत आमच्या जमिनीच्या टोकाला, वीटभट्टीला लागून. काही वर्षांपूर्वी बाबांनी त्याची वरची माती भट्टीवाल्याला विकली होती. मशीन आलं, हातभर माती खरवडून घेऊन गेलं आणि खाली उरला पिवळट, टणक थर. बाबांनी त्यात दोनदा गहू पेरून पाहिला, पोत्यानं खत ओतलं, पण छे! शेवटी नाद सोडला. तेच शेत धाकट्या बहिणीच्या वाट्याला आलं.

"हवं होतं ना? घे," बाबा म्हणाले.

"घेतेच. कागदावर सही कर. आत्ता, माझ्यासमोर."

आत्यानं सगळी नोकरी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली होती. लोकांचं रक्त आणि थुंकी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं, हे तिचं काम. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "वेळच मिळाला नाही." थाप होती ती, तिला कुणी पसंतच पडला नव्हता. निवृत्त झाल्यावर हॉस्पिटलनं भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक काखेत मारून ती परत आली आणि आमच्या मागच्या खोलीत राहू लागली. शेतीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

पहिल्या वर्षी तिचा गहू वीतभर वाढला आणि तिथेच थांबला. पानं जांभळी पडली. बाबा रोज बांधावरून जाताना म्हणायचे, "फुलशेती छान आलीये हो!"

आत्यानं चार रोपं मुळासकट उपटली आणि थेट कृषी कार्यालय गाठलं. तिथल्या मॅडम वयानं तिच्या निम्म्या, पण हुशार आणि मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी मुळं हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "वरची माती काढलीये का?"

"माझ्या भावाची कृपा."

"मग खत घालून काय होणार? खत आहे, पण ते मुळापर्यंत आणून देणारं कुणी उरलेलं नाही."

मॅडमनी समजावून सांगितलं. चांगल्या मातीत एक बुरशी असते, मायकोरायझा म्हणतात तिला. ती गव्हाच्या मुळात शिरते आणि तिथून मातीत दूरवर धागे सोडते. जिथे मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणि ओल ती रोपाला आणून देते, आणि रोप तिला बदल्यात साखर देतं. वरच्या मातीबरोबर तीही भट्टीत गेली होती.

"परत आणता येते?" आत्यानं विचारलं.

"येते. पण ती जिवंत मुळावरच जगते. रान उघडं ठेवायचं नाही, खोल नांगरायचं नाही, स्फुरदाचं खत फार द्यायचं नाही. वेळ लागेल. लोकांना धीर नसतो."

"मला आहे," आत्या म्हणाली. आम्ही घरचे लोक साक्ष देऊ, तो तिला मुळीच नव्हता. हट्ट मात्र भरपूर होता.

आधी तिनं दुकानातून बुरशीच्या पावडरीचं पाकीट आणलं. पाकिटं तापलेल्या पत्र्याखाली रचलेली होती. घरी आणून तिनं मक्याच्या चार रोपांवर ती वापरून पाहिली. रोपं वाढल्यावर मुळं धुऊन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळली आणि व्हिनेगरमध्ये निळी शाई मिसळून रंगवली. मुळात बुरशी असेल तर तिचे धागे निळे दिसतात. आत्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, एकेक काच बदलून पाहिली, पण निळा धागा एकही नाही. मग म्हणाली, "मेली बिचारी. उन्हानं मेली." दुकानदारानं पाकीट परत घ्यायला नकार दिला, तर ही पठ्ठी दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसली आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला, पाकिटं सावलीत ठेवा असं सांगू लागली. संध्याकाळी सगळी पाकिटं आतल्या थंड खोलीत गेली.

मग तिनं स्वतःच बुरशी वाढवायची ठरवली. आमच्या विहिरीजवळ एक जुना गवताचा पट्टा होता, कधीच न नांगरलेला. तिथली माती तिनं घमेल्यानं आणली, वाळूत मिसळली, विटांच्या हौदात भरली आणि त्यात मका लावला. मका मोठा झाला की पाणी तोडायचं, वरचा भाग कापून टाकायचा आणि मुळं बारीक चिरून मातीसकट पोत्यात भरायची. ही माती पेरताना बियाण्याखाली द्यायची. गावानं आत्याचं बारसं केलं: बुरशीबाई. तिनं लगेच घराच्या दारावर खडूनं तेच नाव लिहून टाकलं.

"मोहरी लाव, निदान हिरवं तरी दिसेल," बाबा एकदा म्हणाले.

"मोहरीचं आणि बुरशीचं पटत नाही. मोहरी तिला घरातच घेत नाही."

"शहाणी आहे मोहरी."

दुसऱ्या वर्षी गहू ठिगळाठिगळांनी आला. इथे कमरेएवढा, तिथे नुसता केसांसारखा. मुळात मात्र निळे धागे दिसले. आत्यानं मला ओढत नेऊन दाखवले. मला ते फाटक्या जाळीसारखे दिसले, पण तिचा चेहरा बघून मी "वा!" म्हटलं.

आणि नेमकं तेव्हाच बाबांनी घोळ घातला. भट्टीवाल्याला आणखी हातभर माती हवी होती. "बहिणीला मी समजावतो," म्हणून बाबांनी परस्पर शब्द देऊन टाकला. आत्याला कळलं ते मशीनचा आवाज ऐकून.

ती धावली नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, शेताच्या तोंडाशी नेऊन ठेवली आणि बसली. मशीन तिच्या पुढ्यात येऊन थांबलं. बाबा मागून आले.

"ऊठ. माणसांसमोर तमाशा नको."

"मग माणसं आणलीस कशाला?"

"मी शब्द दिलाय!"

"तुझा शब्द तुझ्या शेतात पाळ. हे माझं आहे. तुझीच सही आहे त्याच्यावर."

"काय आहे गं त्यात? दगड आणि बुरशी!"

"हो. आणि दोन्ही माझे."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी आईकडे बघून फर्मावलं, "उठव हिला."

माझी आई उभ्या आयुष्यात बाबांना उलटून बोलली नव्हती. ती घरात गेली. आम्हाला वाटलं, नेहमीसारखी भांडणातून अंग काढून घेतेय. ती बाहेर आली ती दुसरी खुर्ची घेऊन. आत्याच्या शेजारी मांडली, बसली आणि म्हणाली, "वन्सं, थोडं सरका."

मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. "आधी तुमचं घरातलं मिटवा," म्हणाला आणि झाडाखाली जाऊन आडवा झाला. तो दिवस तसाच गेला. भट्टीवाला चरफडत मशीन घेऊन गेला.

बाबांनी त्या रागात आपल्याच एका चांगल्या शेताची माती त्याला देऊन शब्द पाळला. आत्याशी बोलणं बंद. जेवताना पाणी हवं असलं तरी, "कुणीतरी तांब्या सरकवा," असं भिंतीला सांगायचे.

तिसऱ्या वर्षी पावसानं मध्येच दगा दिला. शेजाऱ्यांचे गहू माना टाकू लागले. आत्याचा गहू उंचीला कमीच होता, पण तो माना टाकत नव्हता. ओंब्या लहान, दाणे भरलेले. चांगल्या शेतात निघतो तेवढा तो निघाला नाहीच, निम्म्याहून थोडा जास्त. आत्यानं तो मोठ्या ऐटीत मळून आणला. मॅडमनाही बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, "अजून बरीच वर्षं लागतील." आत्या म्हणाली, "लागू देत. मी कुठे चाललेय?"

बाबांच्या खरवडलेल्या शेतातला गहू मात्र वीतभर वाढून जांभळा पडला.

पुढच्या पेरणीच्या दिवशी सकाळी आत्यानं आपल्या हौदातल्या मातीची पोती हातगाडीवर चढवली आणि ती तिच्या शेताकडे न वळता सरळ बाबांच्या त्या शेतात घुसली. आई मागून ढकलत होती. बाबा बांधावरून ओरडले. कितीतरी महिन्यांनी ते तिच्याशी बोलत होते. "कुणाला विचारून आलीस?"

"कुणालाच नाही."

"माझं शेत आहे! नको मला तुझी घाण!"

"नको म्हण. मी टाकणार." आणि तिनं पोतं फोडून मूठ मूठ माती उधळायला सुरुवात केली. आई दुसऱ्या टोकानं. बाबा बांधावर येरझाऱ्या घालत होते, शिव्या देत होते, पोलिसांना बोलावतो म्हणत होते. दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.

शेवटी बाबा तरातरा शेतात उतरले. आता पोतं हिसकावणार म्हणून मी पुढे झाले. त्यांनी खरंच ते हिसकावलं.

"अक्कल आहे का? वरवर काय उधळतेस?" ते आत्यावर खेकसले. "उन्हात मरेल ती! बियाण्याखाली जायला हवी, ओळीत!"

आत्या कमरेवर हात ठेवून गालातल्या गालात हसली. बाबांनी नजर चुकवली, पोतं खांद्यावर टाकलं आणि पेरणीच्या यंत्राकडे चालू लागले.