व्हेंटला लावलेली कणीक

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि आज बोलते आहे ती मन हलकं करायला नव्हे — तेव्हा हळहळायच्या तयारीनं बसला असाल, तर आधीच सांगते, मी रडणार नाही.

तबूकमध्ये कडाक्याची थंडी पडते, हे खरं वाटतं का तुम्हाला? सौदी म्हटलं की लोकांना वाळू आणि ऊनच दिसतं. इथे हिवाळ्यात नळाखाली हात धरवत नाही. मी इथल्या एका हॉस्पिटलात वॉर्डची इन्चार्ज नर्स. नवरा जेद्दाला, सुट्टी मिळाली की येतो. आमची स्टाफची इमारत जुनी, वाफेवर तापणारी — तळघरात बॉयलर, तिथून पाईपातून वाफ घरोघरच्या लोखंडी रेडिएटरांत. मोठा पाईप माझ्या कोठीच्या खोलीत येऊन संपतो; माझ्या रेडिएटरचा फाटा त्याला अलीकडेच फुटतो, वरच्या घराचा अगदी टोकाशी. त्याच्या टोकाला मुठीएवढा व्हेंट आहे, त्यातून पाईपातली हवा बाहेर पडते. आणि तो फुसफुसतो. रात्रपाळी करून अंथरुणाला पाठ टेकावी, की ह्याचं सुरू.

मग मी काय करावं? तक्रार? केली असती तर दुसऱ्या दिवशी माणूस आला असता. पण वाफ कशी कोंडायची ते मला कुणी शिकवायला हवं होतं का? आमच्याकडे भांड्याच्या झाकणाला कणीक लिंपतात, वाफ दवडत नाहीत. मी स्टुलावर चढले आणि व्हेंटच्या तोंडाला कणीक थापली. पाईपाच्या धगीनं ती भाजून दगड झाली. काय झोप लागली म्हणून सांगू!

आठवडाभरात वरचं घर गारठलं. तिथे एका इजिप्शियन डॉक्टरांची म्हातारी आई — ती दिवसभर कोट घालून बसू लागली. ठपका आला सलीमभाईंवर. राजापूरचे, इमारतीचे पाईपफिटर. थंडीआधी तो मोठा पाईप त्यांनीच बदलला होता, उतार धरून, हौसेनं. मी चिपळूणची म्हणून ते गावाहून आले की माझ्यासाठी सुके बोंबील आणायचे.

ते माझ्या दारात आले. आत आले नाहीत — बाई घरात एकटी असली की इथे कामगार उंबरा ओलांडत नाही, आणि ते तर मान खाली घालूनच उभे. तिथूनच म्हणाले, “ताई, तुमच्याकडचा व्हेंट फुसफुसताय ना? हवा भायेर गेली नाय तर वाफ फुडं यायची कशी?”

इथेच — इथेच मला कळलं. कणीक आठवली. आणि मी म्हणाले, “हो, आत्ताच ऐकला की.”

घाबरले म्हणून बोलले का? छे. मला कोण काय करणार होतं? मशीनला हात लावू नका म्हणून वॉर्डात दिवसभर पोरींना झापणारी मी — कणीक लावली, हे मला तोंडानं म्हणायचं नव्हतं. एवढंच. माझा शब्द म्हणजे त्यांची तपासणी, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मान डोलावली आणि गेले, आपल्याच पाईपात चूक शोधायला. जिन्यातलं छत पुन्हा उघडलं, उतार पुन्हा मोजला, सांधे पुन्हा आवळले. चूक असती तर सापडली असती ना?

इमारतीच्या सुपरवायझरनं मला विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं — व्हेंट चालतो, पाईप बदलल्यापासूनच गडबड आहे. दुसऱ्यांदा खोटं बोलायला तर काहीच लागत नाही. कफीलनं, म्हणजे ज्याच्या व्हिसावर ते इथे होते त्या मालकानं, सलीमभाईंना फायनल एक्झिट दिला — कायमचं घरी पाठवलं. खलास. निघताना ते सगळ्या बिऱ्हाडांचा निरोप घेत फिरले. माझ्याही दारात आले. “ताई, काय चुकला तां कळलाच नाय बगा,” म्हणाले. मी तेव्हाही सांगू शकत होते. चहा विचारला. ते नको म्हणाले.

त्यांची टॅक्सी गेली, तशी मी स्टुलावर चढून सुरीनं कणीक खरवडली. वरचं घर तापलं. नव्या फिटरनं दोन नट फिरवले होते, शाबासकी त्याला मिळाली. म्हातारीनं इमारतभर बस्बूसा वाटला, त्यांच्याकडचा रव्याचा गोड केक. मीही खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, फोन करायचा होता. नंबर आहे माझ्याकडे. केला नाही, करणारही नाही. त्यांना चूक सापडली नाही, कारण ती त्यांची नव्हतीच, माझी होती — हे मला माहीत आहे आणि आता तुम्हाला. मला त्या वेळी काही सुचलं नाही, मी दमले होते, असलं काही मी सांगणार नाही. सगळं सुचत होतं.

सलीमभाईंनी घातलेला पाईप अजून तोच आहे. ह्या हिवाळ्यातही माझी खोली त्याच्यावरच तापते. व्हेंट फुसफुसतो. आणि हो, मला झोप लागते.