शिक्षकाची अक्कलदाढ
पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटल्याचा वास आला की महाल भागातला माझा दातांचा दवाखाना आठवतो आणि जीव थकून जातो. एका शिक्षकाची अवघड अक्कलदाढ मी हट्टाने काढली होती, दोन तास त्याचा जबडा ताणून. आठवड्याने तो बायकोसोबत आला, तेव्हा तोंडात बोटही जाईना. “घास जात नाही, डॉक्टर,” तो तोंड न उघडताच कण्हला. माझी चूक झाकायला मी म्हणालो, “खर्ऱ्याने जबडा असाच आखडतो. किती खाता?” बायको उसळली, “काहून जी, माह्यापासून लपवून राहिले होते?” तो नुसती नकारार्थी मान हलवत राहिला, तिने माझंच खरं मानलं. आज ते दोघं कुठे आहेत, ठाऊक नाही. तरी लिहून ठेवतो: त्याच्या एकाही दातावर सुपारीचा डाग नव्हता.