कितला केळा खादात?

धुळ्यातल्या एका दवाखान्याच्या मालकानं माझ्या बहिणीला फसवलं. चूक त्याच्या माणसांची, डाग तिच्या नावावर. आमची अक्का, जळगावची दातांची डॉक्टर, महिन्यापूर्वी गेली. तिच्या शोकसभेत सगळ्यात लांब भाषण याच माणसानं केलं... म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही असोद्याचे. मी शाळा सोडून केळीच्या व्यापारात शिरलो, ती शिकली. लहान पोरांचे किडके दात हे तिचं काम. घाबरलेलं पोर चावतं, लाथा मारतं. बाकी ठिकाणी चौघं मिळून त्याला दाबून धरत. अक्काला ते सहन व्हायचं नाही. ती पोराचं वजन करायची, त्या मापानं गुंगीचं गोड औषध पाजायची, बोटाला नाडीचं यंत्र लावायची आणि पोर पेंगुळलं की अलगद कामाला लागायची. हाक मारली तर पोर ओ द्यायचं, पण रडायचं नाही. नीट जागं झाल्याशिवाय ती त्याला घरी सोडत नसे. एकदा एक बाप घासाघीस करायला लागला, थोडं जास्त पाजा, लवकर झोपेल. अक्का म्हणाली, "हा केळीचा सौदा नाही भाऊ, वर एक फणी टाकायला." मी तिथंच बसलो होतो. छाती फुगली माझी.

या औषधाला पोट रिकामं लागतं, नाहीतर उलटी घशात अडकायची भीती. दर गुरुवारी ती धुळ्याच्या त्या दवाखान्यात जायची. तिथल्या माणसांना तिनं बजावलं होतं, 'उपाशी', 'उपवास' म्हणू नका, 'केळंसुद्धा नको' म्हणा. तरी एकदा त्यांच्यातल्याच कुणीतरी एका पोराच्या घरी फोनवर सांगितलं, पोराला उपवास करू द्या. आपल्याकडे उपवासाला केळं चालतं. त्याच्या आजीनं मायेनं चारलं. अक्कानं विचारलं तर म्हणाली, "काहीच नई खादं." केळं तिच्या लेखी खाणं नव्हतंच. पोराला खुर्चीतच उलटी झाली. अक्कानं त्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं आणि ते आजीला हाक मारेपर्यंत जवळून हलली नाही. पोर ठणठणीत घरी गेलं. पण नातेवाईक ओरडायला लागले तेव्हा मालक, ज्याला फोनची गोष्ट कळलेली होती, एवढंच म्हणाला, "औषध बाईंनी दिलं, त्यांनाच विचारा." तिचा गुरुवार बंद झाला. ही बाई पोरांना जास्त गुंगी देते, असं थेट चाळीसगावपर्यंत पसरलं.

मी त्याची कॉलर धरायला निघालो होतो. अक्कानं अडवलं. म्हणाली, "भांडणानं पोरांची पोटं रिकामी राहणार का? तू सौद्यात खरं कसं काढतोस ते सांग." मी म्हटलं, माल आहे का असं विचारायचं नाही, किती आहे असं विचारायचं. पुढं ती मोठ्यांच्या भरवशावर राहिलीच नाही. एरंडोलच्या एका पोरासमोर वाकून लाडानं विचारलं, "कितला केळा खादात रे दादा?" त्यानं ऐटीत दोन बोटं दाखवली. सोबतच्या आजीनं पदर तोंडाला लावला. अक्का हसली आणि त्यांना दुसऱ्या दिवसाची वेळ दिली.

अक्काच्या जळगावच्या दवाखान्याच्या दाराशी तिचा वजनकाटा तसाच आहे. आता तिची मुलगी, तीही दातांची डॉक्टर, काट्याशी वाकून तेच विचारते. परवा एका चिमुरडीनं आईकडं चोरून बघत एक बोट वर केलं... खरं सांगितलं तिनं.

साहेब, तुमच्याकडून तेवढंच हवं आहे. फोनवर 'उपवास' कोण म्हणालं? ज्या माईकवर तिला 'आमची अक्का' म्हणालात, त्याच माईकवर येऊन सांगा.