न फाटलेली पिशवी

खारटरावांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी मत्स्यालयात सगळे त्यांना खारटरावच म्हणत. समुद्री माशांच्या टाक्या त्यांच्याकडे होत्या, आणि पाण्यातलं मीठ मोजायला यंत्र असूनही ते आधी बोट बुडवून जिभेला लावत. लग्न राहून गेलं होतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "माशांना खायला कोण घालणार होतं?"

या टाक्यांच्या फिल्टरमध्ये कोळशाचे दाणे भरलेली जाळीची पिशवी बुडवून ठेवावी लागते. तिच्यातून जाताना पाणी स्वच्छ होतं. या पिशव्या शिवायच्या शिवणमावशी. बाई मूळच्या झाडलोटीला होत्या. विकतची पिशवी फाटलेली पाहून एकदा त्यांनी घरची जुनी मच्छरदाणी कापून नवी शिवून आणली, आणि ते काम कायमचं त्यांच्या गळ्यात पडलं. सगळे त्यांना मावशी म्हणत. खारटरावांची जीभ मात्र त्या शब्दाला वळेना. ते "अहो, ऐकलं का" एवढ्यावर भागवत, आणि तिकीटखिडकीवरची मुलगी तोंडावर ओढणी धरून हसे.

मावशी निवृत्त होऊन लेकीकडे दूरच्या गावी गेल्या. निघताना त्या सगळ्यांना भेटल्या, तेव्हा खारटराव एकच काच पुन्हा पुन्हा पुसत उभे होते. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. पुढे पिशवी फाटली, तेव्हा नवी आणायची सोडून त्यांनी ती धुतली, गच्चीवर वाळवली आणि बसच्या पार्सलनं मावशींकडे पाठवली. शिवून परत आली. मग तो पायंडाच पडला. दर खेपेला मावशींचा फोन यायचा.

"पिशवी पोचली हो. तळाला उसवलीय ना?"

"हो, तळालाच."

"बरं, देते पाठवून."

एवढंच बोलणं, पण त्यावर खारटराव पुढची पिशवी फाटेपर्यंत दिवस काढायचे. पिशवी परत आली की चष्मा पुसून ते टाके बघत. टाके बारीक असले की समजायचं, बाईंचं बरं चाललंय. अलीकडे टाके लांब आणि वाकडे पडू लागले होते. ते त्यांना दिसत होतं, पण झाकली मूठ उघडायची कुणी?

मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी पिशवीची शिवण सुटली, दाणे पंपात अडकले आणि पाणी थांबलं. सगळ्यात जुना पट्टेरी मासा, ज्याला सगळे आजोबा म्हणत, कुशीवर पडून कल्ले उघडत-मिटत होता. खारटरावांनी घाईघाईनं पंप मोकळा केला. आजोबा वाचले. व्यवस्थापक बाई मात्र म्हणाल्या, "काका, आता हे घरगुती पुरे. टिकाऊ पिशव्या मागवू. कुठल्या घ्यायच्या, ते तुम्हीच ठरवा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. टिकाऊ पिशवी आली की पार्सल संपलं, फोन संपला. "एकही धड नाही" म्हणून सांगितलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. नमुने आले. पहिल्याची चेन धातूची. खाऱ्या पाण्याच्या बादलीत ती आठवडाभरात गंजली. खारटरावांना बरं वाटलं. दुसऱ्याची जाळी मोठ्या भोकांची, पिळल्यावर कोळसा गळून काळं पाणी आलं. तिसऱ्याची इतकी बारीक की पाणीच आत जाईना. चौथी दिसायला साधी होती. चेन प्लास्टिकची, दोरा नायलॉनचा, कडा आत दुमडून दुहेरी शिवण. त्यांनी ती भिजवली, पिळली, दोन्ही हातांनी ओढली, महिनाभर खाऱ्या पाण्यात ठेवली. एक टाका हलला नाही. ती फाटावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

समोर आजोबा काचेला तोंड लावून उभे होते.

"ही घ्या," खारटरावांनी व्यवस्थापक बाईंना सांगितलं.

कपाटात मावशींनी शिवलेली शेवटची पिशवी होती. धडधाकट, टाकीत एकदाही न बुडालेली. त्यांनी ती उगाचच धुतली, वाळवली आणि नेहमीसारखी पार्सलनं पाठवून दिली. मग फोनची वाट बघत बसले. तो आला.

"अहो, ही तर कुठंच फाटली नाहीये."

"माहीत आहे." मग त्यांनी सांगून टाकलं, "इथं आता टिकाऊ पिशव्या आल्यात. मीच निवडल्या."

मग मावशी म्हणाल्या, "बरं केलंत. मला आता दिसत नाही हो. दोरा नातीकडून ओवून घेते, आणि टाके बोटांनी चाचपून घालते."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पिशव्या यायच्या थांबल्या असत्या."

खारटरावांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. शेजारी पंप नीट चालला होता.

"ती पिशवी पाठवू नका," ते म्हणाले. "मी न्यायला येतो."