न तापणारा लॅपटॉप

चंद्रिकाबाई मेहेंदळे यांनी लोणावळ्यात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तेवढीच वर्षं लोकांना तोंडावर खरं सांगितलं. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेच्या कपाटात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, तेव्हा त्या सगळ्यांदेखत उचलून त्यांच्या टेबलावर नेऊन मांडणाऱ्या ह्याच. नवऱ्याच्या शोकसभेत कोणी म्हणालं, ‘ते फार शांत होते,’ तर ‘शांत नव्हते, घुमे होते,’ अशी बसल्या जागेवरून दुरुस्ती करणाऱ्याही ह्याच. अशा बाईला आपले कान गेलेत, हे एवढं एक वाक्य दोन वर्षं कोणाजवळ बोलता आलं नाही.

घरात, समोरासमोर, कानाचं यंत्र लावून भागत होतं. भागत नव्हतं ते पवनानगरला. निवृत्तीनंतर दर सोमवारी आणि गुरुवारी त्या लोकलने कामशेतला उतरायच्या आणि शेअर जीपने पवनानगर गाठायच्या. समाजमंदिराशेजारच्या खोलीत दहावीच्या अकरा मुली त्यांची वाट बघत बसलेल्या असत. कोणाच्या घरी भातशेती, कोणाचे वडील धरणाकाठी तंबू ठोकून पाहुणे उतरवणारे, कोणाची आई मासे विकणारी. खोलीवर पत्रा. पाऊस लागला की पत्रा असा वाजायचा की त्याखाली मुलींचे नाजूक आवाज विरघळून जात. बाई ओठांकडे बघत, अंदाज बांधत आणि मान हलवत.

ती मान एकदा नको तिथे हलली. कोमलने उभं राहून सांगितलं की आम्ल तांबडा लिटमस निळा करतं. बाईंना ऐकू आलं नाही. पोरगी ठसक्यात बोलली एवढं दिसलं. त्या म्हणाल्या, “शाब्बास!” शाळेच्या चाचणीत अकराच्या अकरा जणींनी तेच उलटं उत्तर लिहिलं आणि अकरा जणींचे गुण गेले. पेपर हातात घेऊन बाई जीपमध्ये बसल्या त्या कामशेत येईपर्यंत तेच उत्तर अकरा वेळा वाचत राहिल्या.

रविवारी भाचा आला. श्रीयश त्यांच्या भावाचा मुलगा, पुण्यात संगणकाच्या कंपनीत.

“मी वर्ग बंद करतेय,” बाई म्हणाल्या.

“का?”

“कंटाळा आला.”

“तुला? शिकवायचा? आत्या, तुझा टीव्ही वळवणच्या स्टॉपवर ऐकू येतो. मला काय सांगतेस!”

“भोचकपणा करू नकोस. चहा गार होतोय.”

त्याने चहा तसाच ठेवला आणि बाईंच्या अकरा वर्षांच्या लॅपटॉपवर काहीतरी घातलं. आपण बोलायचं आणि पडद्यावर त्याची अक्षरं उमटायची, अशी ती युक्ती. अक्षरं उमटली खरी, पण बोलून अर्धं मिनिट झाल्यावर. आतला पंखा घाट चढणाऱ्या जीपसारखा घरघरायला लागला आणि चाळीस मिनिटांत बॅटरीने मान टाकली.

“इंटरनेटवरून केलं तर झटक्यात येईल,” श्रीयश म्हणाला.

“तिथे रेंज खिडकीत येते. तीही एक काडी, वारा असेल तेव्हा.”

पुढच्या रविवारी तो नवा लॅपटॉप घेऊन आला. पातळ, राखाडी, वहीसारखा. बाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला. “ह्यात वेगळं काय?”

“ह्याच्या प्रोसेसरमध्येच एक वेगळा भाग आहे, फक्त असल्या कामांसाठी. बोलणं ओळखायचं, चित्रं ओळखायची. न्यूरल प्रोसेसर म्हणतात त्याला. इंटरनेट लागत नाही. सगळं इथल्या इथे होतं, थोड्या विजेत.”

“थोड्या म्हणजे किती? नीट सांग.”

“तुझा वर्ग दोनदा होऊन बॅटरी उरेल इतक्या.”

“हे उत्तर दहावीला चालेल, मला नाही,” असं म्हणत त्यांनी तो उघडला. श्रीयश स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून, हळू आवाजात म्हणाला, “आत्या हट्टी आहे.” पडद्यावर लगेच अक्षरं आली: आत्या हट्टी आहे. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “मराठी बरं येतंय की ह्याला.”

गुरुवारी लॅपटॉप पवनानगरला टेबलावर उघडून बसला. मुलींनी विचारायच्या आत बाईंनीच सांगून टाकलं, “तुम्ही काय बोलता ते हा टिपून ठेवतो. मला घरी सवडीने तपासायला.” चौतीस वर्षं खरं बोलणाऱ्या बाई हे असं सरळ खोटं बोलल्या.

पण काम झालं. पत्रा वाजत होता, तरी अक्षरं येत होती. पोरींच्या ‘न्हाई’ला आणि ‘कुटं’ला यंत्र सुरुवातीला अडखळलं, पण मावळची बोली बाईंना आयुष्यभराची, त्या अडलेलं मनातच दुरुस्त करून वाचत. मागच्या बाकावरून सृष्टी शेजारणीला म्हणाली, “बाई आज लय तापल्यात, गप बस.” तेही उमटलं. बाई मान वर न करता म्हणाल्या, “तापले नाहीये अजून. वहीत आकृती नसेल तर तापेन.” सृष्टीने घाईघाईने वही उघडली. तीन आठवडे वर्ग असा चालला की बाई जीपमध्ये बाजीरावशी गप्पा मारायला लागल्या. बाजीराव जीपही चालवायचा आणि धरणाकाठी त्याचे पाच तंबूही होते.

आता लोणावळ्याची एक रीत सांगायला हवी. तिथे आषाढ-श्रावणात भिंती घाम गाळतात, चपलांना बुरशी येते आणि लोक कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवतात, कपडे कोरडे राहावेत म्हणून. कॉम्प्युटरबद्दल त्यांचा नियम साधा: पावसाळाभर बंद करायचा नाही. चालू राहिला की तापतो, तापला की कोरडा राहतो. बाईंचा जुना लॅपटॉप अकरा पावसाळे ह्याच नियमावर टिकला होता, जुन्या साडीच्या गोधडीसारख्या जाड खोळीखाली, मांजरासारखा ऊबदार. नव्यालाही बाईंनी तशीच खोळ शिवली. आणि तो रिकामा बसून थंड पडू नये म्हणून शेजारी रेडिओ लावून ठेवला. त्याने दिवसभर आकाशवाणी ऐकावी, लिहीत राहावं आणि तापत राहावं.

चौथ्या सोमवारी वर्गात बाईंनी प्रश्न विचारला, कोमल उभी राहिली, तिचे ओठ हलले. पडदा कोरा. बाईंनी बटणं दाबली. कोरा. बंद करून चालू केला. कोमल पुन्हा बोलली. कोराच.

बाहेर पाऊस कोसळत होता. अकरा चेहरे त्यांच्याकडे बघत होते. बाईंना कळलं की मान हलवली की हा क्षण निघून जाईल. मान जराशी हललीसुद्धा. मग त्यांनी खडू खाली ठेवला.

“मला ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. स्वतःलाच ऐकू न आल्यासारखं त्यांनी ते पुन्हा, मोठ्याने म्हटलं. “दोन वर्षं झाली. हे यंत्र टिपून ठेवायला नव्हतं, माझ्यासाठी होतं. लिटमसच्या वेळी मी न ऐकताच शाब्बास म्हटलं, तुमचे गुण माझ्यामुळे गेले. आता हेही बंद पडलं. न ऐकता शिकवणं म्हणजे फसवणूक आहे. तुम्ही दुसरं कोणी शोधा.”

मुली एकमेकींशी काहीतरी बोलल्या. काय ते बाईंना कळायचा मार्ग नव्हता. मग कोमल पुढे आली, खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: आम्हाला माहीत आहे, बाई. नववीतल्या दिवाळीपासून.

बाईंनी विचारलं, “मग सांगितलं का नाही?”

कोमलने लिहिलं: तुम्ही रागावला असता.

हे इतकं खरं होतं की बाईंना हसू आलं. मागून सृष्टी उठली, कोमलच्या हातातून खडू घेऊन खाली लिहून गेली: आणि लिटमस आम्ही पुस्तकात बघायला पाहिजे होतं.

“ते तर पाहिजेच होतं!” बाई कडाडल्या, आणि खोलीतला ताण उतरला. पण वर्ग पुढे चालेल असं त्या म्हणाल्या नाहीत. फळ्यावर लिहून लिहून अकरा मुलींशी विज्ञान होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. लॅपटॉप आवरायला त्यांनी तो खालून उचलला आणि हात तसाच राहिला. अर्धा तास चालू असलेलं यंत्र तळाशी थंडगार होतं. पाटीसारखं.

घरी जाऊन त्यांनी प्रयोगशाळेतला जुना तापमापक काढला. दोन दिवस त्या मोजत बसल्या. खोलीत चोवीस अंश. जुन्या लॅपटॉपच्या खोळीखाली अडतीस. नव्याच्या खोळीखाली, दिवसभर आकाशवाणी ऐकून, जेमतेम सव्वीस. आणि खोळ हाताला ओलसर. पडद्याच्या वर सुईच्या टोकाएवढी दोन भोकं होती, आवाज घेणारी. त्यांत पांढरी बुरशी बसली होती. यंत्राचा दोष नव्हता. थोड्या विजेत काम करणारं यंत्र तापेल कशाला? वीज जेवढी कमी खर्च होते तेवढी उष्णताही कमी, हे त्यांनी स्वतः हजारो पोरांना शिकवलं होतं. आणि त्याच बाईंनी एका थंड यंत्रावर ओली गोधडी घातली होती.

श्रीयशने मोबाइलवर लिहून कळवलं: दुरुस्त होईल, पण तीन आठवडे लागतील. मुलींची सत्र परीक्षा त्याच्या आधी. बाईंनी उत्तर पाठवलं: तुझ्या न्यूरल प्रोसेसरला मी बुरशी आणली. नापास मी आहे.

गुरुवारी त्या गेल्या ते हे आकडे आणि मुलींना दाखवायला तो लॅपटॉप घेऊन. वर्ग सोडायचाच असेल तर निदान कारण नीट सांगून, म्हणून. जीपमध्ये त्यांनी बाजीरावलाही सगळं सांगितलं, कोणी मागितलं नसताना, मोठ्या आवाजात, तापमानासकट. बाजीराव काहीतरी बोलला. बाईंनी कानाशी हात नेला. त्याने जीप कडेला घेतली, तोंड जवळ आणलं आणि ओरडला, “मावशी, कानच खराब झाला ना त्येचा? डोस्कं तर चांगलं हाय?”

“व्हय,” बाई म्हणाल्या.

“मंग दुसरा कान लावू की! माज्याकडं माईक हाय. पाव्हणं रातच्याला गाणी म्हणत्यात त्यो. वायरीचा.”

“तो ह्याला बसेल?”

“बसवून बघू. न्हाई बसला तर पाव्हण्यांना परत.”

बसला. वाटेत तंबूवरून उचललेल्या माईकची वायर बाजीरावने वर्गात येऊन लॅपटॉपच्या कडेला खोचली आणि माईक हातात धरून, वर्गातल्या मुलींकडे एक नजर टाकून, घसा साफ केला. पडद्यावर आलं: मावशी लय कटकट करत्यात पण मानूस चांगलं हाय.

पोरी बाकांवर हात आपटून हसल्या. “बाजीराव, तू बाहेर हो,” बाई म्हणाल्या. माईक मात्र ठेवून घेतला.

मग त्यांनी फळ्यावर तीन आकडे मांडले आणि आपली चूक शिकवली. ऊब कुठून येते, ती कमी झाली की दमट हवेतलं पाणी कसं चिकटून बसतं, सगळं. उपाय काय, हे मुलींना विचारलं. माईक बाकावरून बाकावर फिरला. एक म्हणाली चुलीवरच्या माळ्यावर ठेवा. दुसरीने तिला धुराची आठवण करून दिली. सृष्टीने सांगितलं की तिची आई मिठाच्या बरणीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवते, मिठाला पाणी सुटत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, तळाशी दोन पुरचुंड्या, दर आठवड्याला तांदूळ परत भाजायचा. आणि लॅपटॉप काम झालं की बंद. बाईंनी ते शब्दन् शब्द वाचलं, मान हलवली, आणि ह्या वेळी मान बरोबर हलली.

“डबा माझ्याकडे आहे, पापडांचा,” त्या म्हणाल्या. “पापड संपवावे लागतील.”

माईक कोमलकडे आला. ती उभी राहिली. मग अक्षरं आली.

“बाई, दोनी लॅपटॉप तेच काम करत्यात. ऐकायचं अन् लिवायचं. मग एक लय वीज खातो अन् दुसरा थोडीच, आसं कसं? त्यो येगळा भाग आतमंदी नक्की काय करतो?”

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी श्रीयशला वीज किती लागते एवढंच विचारलं होतं आणि त्याने तेही हसण्यावारी नेलं होतं. उत्तर त्यांनाही येत नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी तो जसाच्या तसा उतरवला, खाली कोमलचं नाव घातलं.

“श्रीयशला ह्या वेळी आकृतीसकट विचारते,” त्या म्हणाल्या. “सोमवारी सगळ्यांनी वह्या आणा. आणि कोमल, प्रश्न विचारताना माईक तोंडाजवळ धर, तुझ्या शेवटच्या वाक्याला यंत्र जरा अडखळलं.”