तांबड्या रेघेखालची सही

१९७४ सालच्या जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी नऊ वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, परभणीच्या आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात ग्रंथपाल सरांनी हजेरीच्या नोंदवहीत तांबडी रेघ ओढली. त्यानंतर चार मिनिटांनी पूर्णेपलीकडच्या एका मोठ्या कॉलेजचा संघ फाटकातून आत आला. आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषेच्या पात्रता फेरीत तो संघ खेळला नाही.

मुले या ग्रंथपालांना कागद सर म्हणत. कुणी काही मागितले की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कागद काय म्हणायलाय?" कागद नसेल तर काम होत नसे. असेल तर प्राचार्यांनाही ते अडवता येत नसे. मूळचे वालूरचे. रोज सकाळी सायकलवरून स्टेशनात जाऊन मनगटी घड्याळ लावून घेत.

दोन वर्षांपूर्वी ही फेरी त्या मोठ्या कॉलेजात होती. सर आमचा तिघांचा संघ घेऊन निघाले. पिंगळीला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली आणि आम्ही चार मिनिटे उशिरा पोचलो. तिथले एक प्राध्यापकच स्पर्धेचे चिटणीस होते. "परभणीची गाडी परभणीच्याच वेळेनं येणार," ते म्हणाले आणि व्हरांड्यातली माणसे हसली. त्यांनी 'उशीर मान्य' असे लिहिलेला कागद सरांपुढे सरकवला. सरांनी सही केली आणि नक्कल मागितली. आम्हाला खेळू दिले नाही; परतीच्या गाडीत सरांनी ती नक्कल घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्पर्धेच्या समितीकडून यजमानपदाच्या अटी मागवल्या. एकवीस अटी होत्या. आमच्याकडे चारच पुऱ्या होत होत्या. प्रत्येक वर्गात दोन घंट्या हव्यात, अशी एक होती. कॉलेजात घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. सरांनी जुन्या सायकलींच्या घंट्या जमवल्या आणि सुताराकडून लाकडी ठोकळ्यांवर बसवून घेतल्या. वेळ नोंदणारा माणूस कॉलेजबाहेरचा हवा होता. त्यांनी रेल्वेचे एक निवृत्त गार्ड गाठले. अशी अट पुरी झाली की ते तिच्यापुढे खूण करीत. दीड वर्ष लागले.

सातवी अट होती, यजमान कॉलेजचा संघ खेळणार नाही. मी तेव्हा शेवटच्या वर्षात होतो.

"सर, मग आमचं काय?" मी विचारले.

"तुमचं ऱ्हाईलं."

"आम्ही जिंकू शकतो, सर."

"शकता. तुमी जिंकले तर ते टाळ्या वाजवतील. तेवढ्यानं माझं भागत न्हाई." त्यांनी सातव्या अटीपुढे खूण केली.

हजेरीची वेळ ठरवण्याचा हक्क यजमानाचा होता. सरांनी फेरीच्या पाऊण तास आधी, पावणेदहा ठरवली. आदल्या दिवशी मुक्कामाची सोय आहे, असे सगळ्या संघांना रजिस्टर पोस्टाने कळवले. चिटणिसांचे उत्तर आले: परभणीत मुक्कामाचे कारण नाही, सकाळच्या गाडीने येऊ. ते पत्र सरांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवले.

त्या रविवारी मी नावे लिहायला त्यांच्या शेजारी बसलो होतो. चिटणीस घामाघूम होऊन पायऱ्या चढले. मागे त्यांची तीन मुले होती.

"अहो, पिंगळीला गाडी अडकली. तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक हाय, साहेब. दोन वर्षांपासून ठाऊक हाय."

"चार मिनिटं तर आहेत!"

सरांनी गार्डांकडे पाहिले. "चारच," गार्ड म्हणाले.

"पोरांचं वर्ष जाईल हो सर."

"माझ्या पोरांचं गेलं. हा बसलाय, इचारा त्याला."

मी मान वर केली नाही. सरांनी नोंदवही फिरवून चिटणिसांसमोर ठेवली. रेघेखाली 'उशीर मान्य' हे शब्द आधीच लिहिलेले होते. "चहा सांगितलाय," सर म्हणाले, "सही झाली की घ्या."

चिटणिसांनी सही केली. चहा मुलांनी घेतला. चिटणीस फाटकाबाहेर उभे राहिले. साडेदहाला पहिल्या वर्गातली घंटी वाजली.

मी पुढे कधी ती फेरी खेळलो नाही. सर निवृत्त होऊन वालूरला गेले आणि तिथेच वारले. नोंदवही कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. त्या पानावर तांबड्या रेघेखाली एकच सही आहे. समोरच्या पानावर १९७२ सालची ती नक्कल डकवलेली आहे. तिच्यावर सरांची सही आहे.