विंचूकाट्यावरची शिट्टी

जाऊ नये असंच मनात होतं. गुडघे, रक्तदाब, परतीची गाडी, काळजीला कारणं भरपूर. पण दगडूच्या बायकोचा फोन आला. "भावजी, यंदा शिट्टी तुमी वाजवा."

दगडू माझा कान्ह्याच्या शाळेतला सोबती. सातवीनंतर मी देहूरोडला हमालीला लागलो, तो फौजेत गेला. बर्फात राहिला, विमानातून उड्या मारल्या, हवालदार होऊन परतला. मग दोन्ही लेकींना कमरेला दोर बांधून पवनेत पोहायला शिकवलं. बायको काठावरून ओरडायची, हा पाण्यातून हसायचा.

गावी परतला त्या मार्गशीर्षापासून दर वर्षी तो लोहगड चढायचा. विंचूकाटा म्हणजे गडाची लांब निघालेली सोंड. तिच्या टोकावर उभा राहून तो फौजेतली शिट्टी तीनदा वाजवायचा. वहिनींचे पाय दुखतात, म्हणून त्या खाली लोहगडवाडीत एका टपरीवर थांबायच्या. शिट्टी झाली की भाकऱ्या टाकायला लावायच्या. खाली येताच तो विचारायचा, "ऐकलीस?" त्या म्हणायच्या, "ऐकली की." मी मात्र सोंडेवर उतरायच्या खडकाशी पिशव्या राखत बसायचो. तो म्हणायचा, "गेल्या जन्मी कोंबडी होतास का रे?"

श्रावणात तो गेला.

सकाळच्या लोकलने निघालो. वहिनी कान्ह्याला चढल्या. मळवलीला उतरून रिक्षा केली. जाणाऱ्यांनी येण्याजाण्याचं भाडं आधीच ठरवावं आणि परतीची वेळही पक्की करावी, वरून येताना सहज रिक्षा मिळत नाही. खिंडीचा चढ इतका उभा की मी पुढची दांडी सोडली नाही. धुकं होतं, पवनेचं धरण दिसलंच नाही.

वाडीत नेहमीच्या टपरीवर वहिनी बसल्या. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "आबा, दमानं जावा. माकडांना पिशवी दावू नका."

वहिनींनी पदराच्या गाठीतून शिट्टी काढून दिली. "टोकावरनंच वाजवा हां. त्यांचं तसंच असायचं."

पायऱ्या चांगल्या आहेत. चार दरवाजे लागतात, प्रत्येकाशी बसलो. पाणी खालूनच न्यावं. वर वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. खडकाशी पोचलो. खाली उतरणाऱ्या एका मुलीने विचारलं, "काका, हात देऊ?" नको म्हणालो आणि नेहमीच्या जागी बसलो.

मग वाटलं, इथूनच वाजवू, कोणाला कळणार आहे? शिट्टी तोंडात धरली. त्याच्या दातांच्या खुणा जिभेला लागल्या. मला फुंकवलं नाही. शिट्टी पुसून खिशात टाकली.

उतरताना प्रत्येक पायरीवर एकच विचार, वहिनींना काय सांगू? खरं सांगायचं ठरवून टपरीत शिरलो. पिठलं वाढलेलं, भाकरी तव्यावरून नुकती उतरलेली.

तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "ऐकली हो भावजी. तीनदा. लगीच भाकरी टाकाया लावली."

मी खाली मान घालून जेवलो. हात धुवायला मागे गेलो तेव्हा मावशी पाणी घालता घालता हळूच म्हणाल्या, "आबा, काटा त्या अंगाला हाय. हितं वरचं काय बी ऐकू येत न्हाई. वैनी दर साली घड्याळ बघून सांगत्यात."

"दगडूला माहीत होतं?"

"आता कुणाला इचारणार?"

परतताना वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. कान्ह्याला त्या उतरायला उठल्या तेव्हा मी शिट्टी पुढे केली. त्यांनी माझी मूठ मिटवली. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. फुडच्या साली लागंल."

घरी येऊन चार दिवस झाले. गुडघे सुजलेत. दगडूला कळत होतं का, हे मनातून जात नाही. कळत असेल तरी तो दर वर्षी विचारत राहिला आणि त्या हो म्हणत राहिल्या. आता मलाही त्यात घेतलंय. वहिनींना खरं सांगायला हवं, पण त्यांचं तोंड डोळ्यांपुढे आलं की धीर होत नाही.

शिट्टी औषधांच्या डब्यात ठेवली आहे. रोज गोळी घेताना हाताला लागते. अजून वाजवलेली नाही.